देबासुतारींचा पासपोर्ट

कुणाकडे जेवायला जाताना लोक मिठाईचा पुडा नेतात, फुलं नेतात. सदानंद देवस्थळी पासपोर्ट न्यायचा.

अबुधाबीच्या उकाड्यात अंगाला शर्ट चिकटत असताना हा माणूस ब्लेझर चढवायचा, कारण ब्लेझरला आतून खिसा असतो. अल रीम आयलंडवरच्या घराला कुलूप लावलं की आधी छातीवर हात ठेवून चाचपायचा, मगच लिफ्टचं बटण दाबायचा. शोभना हे बघत उभी राहायची. दुबईला जायला पासपोर्ट लागत नाही. शारजाला लागत नाही. सगळीकडे एमिरेट्स आयडी हे तिथलं ओळखपत्र चालतं. हे तिनं त्याला पूर्वी सांगून पाहिलं होतं. "अगं, असू दे. कधी काय गरज पडेल," असं तो म्हणायचा. गरज कसली पडायची ते तिला ठाऊक होतं. जेवणं झाली, बडीशेप फिरली, की कुणीतरी व्हिसाचा विषय काढायचं. कुणीच काढला नाही, तर सदानंद काढायचा. मग तो लाल पासपोर्ट बाहेर यायचा.

हा पासपोर्ट जपानचा होता. सदानंद मूळचा मिरजेचा. कंपनीनं त्याला टोकियोला पाठवलं, तिथे तो बारा-तेरा वर्षं राहिला आणि तिथलाच नागरिक झाला. पुढे त्याच कंपनीनं अबुधाबीला धाडलं. एवढी वर्षं टोकियोत काढूनही त्याची जपानी भाषा बिअर मागवण्याच्या पुढे कधी सरकली नाही. ऑफिसात इंग्रजी चालायचं आणि घरात शोभना होती.

शोभना पुण्याची. विमा कंपनीत नोकरी करताना संध्याकाळी जपानीच्या वर्गाला जायची, हौस म्हणून. ती हौस लग्नानंतर सदानंदच्या कामी आली. गॅसवाल्याला फोन शोभनानं करायचा. वॉर्ड ऑफिसात शोभनानं जायचं. ईशानीच्या शाळेतल्या बाईंशी शोभनानं बोलायचं. आणि सदानंदनं नागरिकत्वाचा अर्ज केला, तेव्हा 'मला जपानी का व्हायचं आहे' हा निबंधही शोभनानंच लिहिला. तो अर्जदाराला स्वतःच्या हातानं लिहावा लागतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर शोभना एकेक ओळ रचत गेली आणि सदानंद शाळकरी पोरासारखी जीभ बाहेर काढून ती नकलून काढत गेला. या देशातली शिस्त, शेजारपाजारचा आदर, मुलीचं बालपण, आणि शेवटी 'माझं घर आता हेच आहे' हे वाक्य. कागद गेले, मुलाखतीची उत्तरं तिनं त्याच्याकडून पाठ करून घेतली, वर्षभरानं होकार आला. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यानं निबंधाचं कौतुक केलं, हे सदानंद पुढे कित्येक वर्षं सांगत राहिला. निबंध कोणी लिहिला ते त्याने कधी सांगितलं नाही. बहुतेक तो विसरूनच गेला असावा.

शोभनानं स्वतः अर्ज केला नाही. ती भावनाप्रधान आहे, तिला भारतीय पासपोर्ट सोडवत नाही, असं सदानंद लोकांना सांगायचा. खरी गोष्ट अशी की तिनं स्वतःसाठी तसाच कागद पुढे ओढला, तेव्हा लिहायला काही उरलंच नव्हतं. होती तेवढी सगळी कारणं तिनं नवऱ्याच्या नावावर खर्च करून टाकली होती.

त्यात नावाचा एक वेगळाच घोळ होता. जपानी लिपीत देवस्थळी बसत नाही. तिथे 'व'चा 'ब' होतो, 'स्थ'ची फोड होऊन 'सुता' होतं, आणि पासपोर्टवर ते जपानी उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत उतरतं. मूळ स्पेलिंग हवं असेल तर पुरावे दाखवून मागता येतं. पण सदानंद म्हणाला, "छे, अपवाद वगैरे मागायचा नाही. आपण आता शंभर टक्के." म्हणून पासपोर्टवर तो देबासुतारी सादानांदो झाला. देव गेला, स्थळ गेलं, हातात सुतारी आली. शोभनाला त्या दिवशी हसू आवरेना. आरशासमोर उभा राहून सदानंद ते नाव पुन्हापुन्हा म्हणून बघत होता.

तर अशा या देबासुतारींना त्या शनिवारी शारजाला, अल नहदात, नागेशकडे जेवायला बोलावलं होतं. नागेश चिपळूणकडचा. उम्म अल कुवैनला त्याचं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप. मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात ओळख झालेली. सदानंद घरी त्याला 'आपला मेकॅनिक' म्हणायचा, पण त्याच्याकडचं बोलावणं कधी चुकवायचा नाही. अल रीमवरच्या शेजाऱ्यांत कॅनडावाले होते, ऑस्ट्रेलियावाले होते. तिथे लाल पासपोर्टाकडे कोण बघतं? नागेशकडे बघणारे होते.

नागेशच्या शुभ्राला बारावीला चांगले मार्क मिळाले होते, त्याचं जेवण. मटण होतं, वडे होते. वाढायला वर्कशॉपमधला महादू आला होता, तिशीतला, कमी बोलणारा. नागेशची आई तानुबाई गावाहून आलेली, ती सोफ्याच्या कडेला बसून सगळं बघत होती. जेवणं उरकायच्या आधीच सदानंदनं पासपोर्ट काढला.

"हे बघ नागेश. हे एवढंसं पुस्तक. पण याच्यावर एकशे नव्वदच्या आसपास देश उघडतात. व्हिसा नाही, काही नाही. तुमचं काय, पन्नास-साठ?"

"आपल्याला कुठं जायचंय साहेब," नागेश हसला. "इकडून गाव, गावाकडून इकडे."

पासपोर्ट हातोहात फिरला. तानुबाईनं तो डोळ्यांजवळ धरून वरचं सोनेरी फूल निरखलं. "ही शेवंती ना रे?"

"राजघराण्याचं चिन्ह आहे ते, मावशी," सदानंद म्हणाला.

"असेल की. पण फूल शेवंतीचंच."

महादू ताट उचलायला वाकला, तेव्हा कुणीतरी पासपोर्ट त्याच्याही हातात दिला. "जपून हं," सदानंद जोरात म्हणाला. "हा घेऊन पळशील कुठेतरी, आणि मी बसेन बोंबलत." चार लोक हसले. महादूनं पासपोर्ट न उघडताच बाजूच्याकडे दिला आणि ताटं घेऊन आत गेला. शोभनानं ताटातल्या वड्याकडे बघितलं. लाज वाटायचे दिवस सरले होते. आता तिला नवऱ्याबद्दल जे वाटायचं ते अगदी कोरडं होतं, एखाद्या वासासारखं. खिडकी उघडली की जातं, बंद केली की येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लेझरचा खिसा रिकामा निघाला.

सदानंदनं घर उलथंपालथं केलं. गाडीच्या सीटा काढल्या. मग नागेशला फोन लावला. नागेशनं सोफ्याखाली, टीव्हीमागे, कचऱ्याच्या पिशवीतसुद्धा बघितलं. नाही म्हणाला.

"काल घरात बाहेरचं कोण होतं?" सदानंदनं विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. "तो तुझा पोरगा. महादू."

"साहेब, तो चार वर्षं आहे माझ्याकडे. सुईला हात लावायचा नाही."

"तुला कल्पना नाही नागेश. या पासपोर्टला मार्केट आहे."

शोभना समोरच उभी होती. "अरे, त्यांना जरा नीट शोधू दे. एक दिवस थांब."

"एक दिवसात तो कुठल्या कुठे जाईल, माहितीये? तुम्हा लोकांना याची व्हॅल्यू नाही." 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे तिनं विचारलं नाही. कित्येक वर्षांपासून या घरात दोन प्रकारचे लोक राहत होते.

त्यानं पोलिसांत तक्रार दिली आणि तीत संशयित म्हणून महादूचं नाव घातलं. पोलिसांचा कागद घेऊन सोमवारी तो शोभनाला बरोबर घेऊन जपानी वकिलातीत गेला. काचेपलीकडे एक तरुण जपानी बाई होती. तिनं सगळं नम्रपणे ऐकून घेतलं आणि सावकाश, स्पष्ट काहीतरी विचारलं. सदानंदनं नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि शोभनाकडे बघितलं.

"ती विचारतेय, सगळीकडे नीट शोधलंय ना? एकदा हरवल्याची नोंद केली की तो पासपोर्ट त्या क्षणापासून रद्द. उद्या सापडला तरी चालणार नाही."

"सांग तिला, मला प्रोसिजर माहीत आहे."

शोभनानं हे उद्धट वाक्य जपानीत सभ्य करून सांगितलं. तिचं निम्मं आयुष्य याच कामात गेलं होतं. सदानंदनं सही केली. बाईनं कागदावर शिक्का मारला.

परत येताना गाडी रीम आयलंडच्या पुलावर चढत होती आणि नागेशचा फोन आला. सदानंदनं स्पीकरवर घेतला.

"साहेब, मिळाला! आमच्या आईनं उचलून ठेवला होता."

"काय? कुठे?"

"कपाटात, आमच्या पासपोर्टांबरोबर. पोरं मटणाच्या हातांनी धरत होती, म्हणून तिनं पुसून ठेवला. तुम्ही निघताना द्यायचं राहून गेलं."

"मग काल का नाही बोलल्या त्या?"

"काल ती शेजारणीबरोबर दुबईला देवळात गेली होती दिवसभर. आणि खरं सांगू का, तिला कुणी विचारलंच नाही. आज विचारलं तर म्हणाली, हा काय, आणून देऊ?"

सदानंदनं पुलावरूनच गाडी वळवायची भाषा सुरू केली. शोभनानं वकिलातीत फोन लावला. त्याच बाईनं तितक्याच नम्रपणे सांगितलं की फार वाईट वाटतं, पण आता काही करता येत नाही. सदानंद स्टिअरिंगवर मुठी आपटत म्हणाला, "अरे पण तो आहे! फिजिकली आहे!" नियम मोडत नाही म्हणून ज्या देशावर हा माणूस पंधरा वर्षं खूश होता, तो आता नियम मोडत नाही म्हणून चिडला होता.

त्याहून वाईट बातमी नागेशनं शेवटी सांगितली. पोलिसांनी सकाळीच महादूला बोलावून घेतलं होतं. नागेश स्वतः पासपोर्ट घेऊन धावला, तेव्हा कुठे त्याला सोडलं.

घरी आल्यावर शोभना म्हणाली, "महादूला फोन कर. माफी माग."

"तक्रार मागे घेतो म्हटलंय ना. अजून काय?"

"माफी, सदानंद."

"बरं, बरं. व्हॉट्सअ‍ॅप टाकतो. तू ड्राफ्ट करून दे."

"नाही."

त्यानं मान वर करून बघितलं. हा शब्द त्याने या विषयात कधी ऐकला नव्हता. "नाही म्हणजे? दोन ओळी तर आहेत."

"दोनच आहेत, तर तू लिही."

बराच वेळ तो फोनवर काहीतरी टाइप करत, खोडत बसला. शेवटी इंग्रजीत एक ओळ तयार झाली, झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करणारी, बँका पाठवतात तशी. महादूला इंग्रजी येत नव्हतं. पण तो प्रश्न उद्भवलाच नाही. सदानंदनं ती ओळ पाठवलीच नाही.

दोन दिवसांनी शोभना एकटी गाडी घेऊन उम्म अल कुवैनला गेली. इंडस्ट्रियल एरियातल्या धुळीच्या रस्त्यावर नागेशचं वर्कशॉप होतं. महादू बाहेरच एका एसीचं जाळं पाण्याच्या फवाऱ्यानं धूत होता. तिला बघून त्यानं नळ बंद केला, पण पुढे आला नाही.

"महादू, जे झालं ते फार वाईट झालं. मी माफी मागायला आले."

"तुम्ही कशाला, वहिनी? तुम्ही काय नाव घातलंत माझं?"

"माझ्या नवऱ्यानं घातलं."

"मग त्यानं यावं." महादूनं हात पुसले. "पोलीस विचारत होता, पासपोर्ट कुठं विकला? मी म्हटलं, बाबा, त्यात फोटो त्यांचा, नाव त्यांचं. मी त्याचं काय करू, चाटू? त्याला हिंदी येत होतं. तो हसला. पण बसवून ठेवलं ते ठेवलंच. गावाला बायकोला कुणीतरी लगेच कळवलं, महादूला पोलिसांनी धरलं. ती दिवसभर रडत होती."

शोभनानं आणलेला लाडवांचा डबा पुढे केला. महादूनं तो घेतला नाही. "ठेवा तिकडे टेबलावर. पोरं खातील," म्हणाला आणि पुन्हा नळ सोडला. ती गाडीत येऊन बसली, तेव्हा तिचे कान तापले होते. नवऱ्याची माणसात गणना करायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. पण त्याच्याच गाडीतून, त्याच्याच कंपनीच्या पिशवीतला डबा घेऊन आपण मोठेपणानं इथवर आलो, आणि लाडवांवर भागेल असं आपल्यालाही वाटलं, हे तिला झोंबलं.

आता नवा पासपोर्ट काढायचा, म्हणजे पहिल्यापासून सगळं. जपानमध्ये माणसाची ओळख त्याच्या घराण्याच्या नोंदीतून चालते. वॉर्ड ऑफिसात प्रत्येक कुटुंबाचं एक पत्रक असतं, त्यात जन्म, लग्न, मृत्यू, सगळं. त्याचा ताजा उतारा हवा. टोकियोत शोभनाची मैत्रीण सुजाता होती. तिनं तो काढून पाठवायचं कबूल केलं, पण तिच्या नावे अधिकारपत्र हवं होतं. सदानंद पेन घेऊन शोभनासमोर येऊन बसला.

"हे तर ऑफिशियल आहे. हे तरी लिहून देशील?"

तिनं लिहून दिलं. तो नकलू लागला. जीभ बाहेर आलीच.

फोटोचं तर वेगळंच रामायण झालं. सदानंदनं मॉलमधल्या स्टुडिओवाल्याकडून चेहरा दोन छटा उजळ करून घेतला, डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घेतल्या. काचेपलीकडच्या बाईनं तो फोटो क्षणभर बघितला, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अत्यंत दिलगिरीनं परत दिला. फोटोत फेरफार चालत नाही. "देबासुतारी-सान, कृपया जसे आहात तसे," ती म्हणाली. शोभनानं याचं भाषांतर अगदी शब्दशः केलं.

उतारा कुरियरनं आला, तेव्हा ईशानी घरी होती. ती बापाबरोबर लहानपणीच जपानी झालेली. बारावीत होती, आईबापांना उत्तरं इंग्रजीत द्यायची. तिनं कागद उलगडून वाचला. "बाबा हॅज अ कॉलम. आय हॅव अ कॉलम. आई, व्हेअर आर यू?"

"बाबाच्या रकान्यात बघ. खाली."

ईशानीनं बोट फिरवलं. देबासुतारी सादानांदो यांचा एका परदेशी स्त्रीशी विवाह, अशी एक ओळ होती, त्या ओळीत शोभनाचं नाव. परकीय बायकोला त्या पत्रकात स्वतःचा रकाना मिळत नाही.

"सो यू आर लाइक... अ फुटनोट?"

"हो."

"दॅट्स मीन," ईशानी म्हणाली. सदानंद फोनवर क्रिकेट बघत होता. "अगं, सिस्टिम असते प्रत्येक देशाची," तो मान वर न करता म्हणाला.

अर्ज गेला. आणि दुसऱ्याच आठवड्यात मिरजेहून फोन आला. सदानंदची आई मोरीत घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करायचं होतं. तिच्याजवळ फक्त एक भाडेकरू होते.

सदानंद धावत वकिलातीत गेला. अर्थात शोभनाला घेऊन. तिनं काचेपलीकडच्या बाईला सगळं सांगितलं. बाईचा चेहरा खरोखर उतरला. पासपोर्ट आता जपानमध्येच छापून तिथून विमानानं येतात, ती म्हणाली, त्यामुळे घाई करता येत नाही. मग तिनं एक तोडगा सांगितला. शोभना ऐकत राहिली आणि लगेच भाषांतर करेना.

"काय म्हणतेय? काय म्हणतेय?"

"म्हणतेय, तातडीचं असेल तर एक तात्पुरता कागद देता येईल. त्याच्यावर सरळ घरी जाता येतं."

"मग देऊन टाक म्हणावं! हेच तर हवंय!"

"घर म्हणजे जपान, सदानंद. तो कागद फक्त मायदेशी परतण्यापुरता असतो. टोकियोला पोचवतील तुला."

सदानंद काचेकडे बघत राहिला. टोकियोत त्याचं काहीही नव्हतं. भाड्याचं घर सोडून आठ-नऊ वर्षं झाली होती. शोभनाला तो निबंध आठवला आणि त्याची शेवटची ओळ आठवली. तिनं लिहिलं तेव्हा ते एक चांगलं वाक्य होतं, इतकंच. सरकारनं ते खरं मानलं होतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सदानंद बराच वेळ आमटी ढवळत बसला. मग म्हणाला, "मी ना इकडचा राहिलो, ना तिकडचा, शोभना. आई तिकडे पडलीये आणि मी इथे." कितीतरी वर्षांत पहिल्यांदा शोभनाला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. तिनं हात उचललाही.

"तुम्हा इंडियन पासपोर्टवाल्यांना सवय असते असल्या धक्क्यांची," तो पुढे म्हणाला. "आम्हाला नसते ना."

शोभनानं त्याच हातानं आमटीचं भांडं उचललं आणि ती तिकीट काढायला उठली. तिचा निळा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये होता, साडीच्या बिलांबरोबर.

मिरजेला सासूबाई दवाखान्याच्या खाटेवर पडल्या होत्या, पण तोंड शाबूत होतं. "तू आलीस? सदू कुठाय?"

"त्याचा पासपोर्ट यायचाय, आई."

"म्हणजे त्याला इथे यायला पासपोर्ट लागतो?"

"आपल्या सगळ्यांनाच लागतो. तिकडून यायचं म्हणजे."

"आपल्याला येताना लागतो गं. त्याला पाहुणा म्हणून लागतो." म्हातारी छताकडे बघत म्हणाली. "एवढा पेपरात नाव आल्यासारखा नाचला होता जपानी झाला तेव्हा. आता त्या जपान्यांना बोलव म्हणावं, भांडं लावायला."

भांडं शोभनानं लावलं. ऑपरेशन नीट झालं. सदानंद रोज व्हिडिओ कॉल करायचा आणि डॉक्टरांना इंग्रजीत प्रश्न विचारायचा. ते मिरजेचेच, मराठीत उत्तरं द्यायचे. 'टोकियोमध्ये याच्यासाठी रोबॉट असतात' असं त्यानं सांगितलं, त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तो फोन बंद कर बाई. माझा पाय दुखतोय." शोभना सासूबाईंना वॉकरवर चालवूनच परतली. या म्हातारीशी तिचं एरवी कधी फारसं पटलं नव्हतं. त्या दिवसांत पटलं. दोघींना एका माणसाबद्दल एकच वाटत होतं आणि ते लपवायची गरज नव्हती.

ती परत आली त्याच आठवड्यात पासपोर्ट आला. तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत, स्वतःच जाऊन घ्यावा लागतो. सदानंद ब्लेझर घालून गेला. नवा पासपोर्ट जास्त देखणा होता. फोटोचं पान प्लास्टिकचं, अक्षरं लेझरनं कोरलेली. सदानंद ते पान नखानं वाजवून बघायचा. मिरजेला जाण्याबद्दल तो म्हणाला की आता आई बरी आहे, तर दिवाळीत बघू.

महिनाभरात अबुधाबीत मंडळाच्या ओळखीतल्या एकांकडे जेवण होतं. नागेश नव्हता. त्यानं देवस्थळींना त्यानंतर बोलावलं नव्हतं आणि सदानंदच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बडीशेप फिरली. नवा पासपोर्ट बाहेर आला.

"हा नवा कसा काय?" यजमानीणबाईंनी विचारलं.

"अहो, जुना चोरीला गेला ना," सदानंद खुर्चीत मागे रेलला. "शारजाला एकांकडे जेवायला गेलो होतो. तिथे वर्कशॉपची पोरं वगैरे होती वाढायला. आता त्यांना दोष तरी काय द्यायचा, मोह होतो माणसाला. पण जपानी सिस्टिम बघा तुम्ही. एक फोन, आणि..."

"चोरीला गेला नव्हता," शोभना म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण पंख्याखालचं सगळं बोलणं थांबलं.

"हा तिथे विसरून आला होता. घरातल्या आजींनी तो पुसून कपाटात ठेवला होता. त्यांना न विचारता यानं एका पोरावर पोलीस घातले. महादू नाव त्याचं. तो तासन्‌तास चौकीत बसून होता. यानं अजून त्याची माफी मागितलेली नाही."

"अगं, डिटेल्समध्ये कुठे शिरतेस," सदानंद हसून म्हणाला. हसताना त्याने इकडेतिकडे बघितलं, पण बरोबर कुणी हसलं नाही. पासपोर्ट त्या वेळी यजमानांच्या हातात होता. त्यांनी तो मिटून टेबलावर ठेवला, आणखी कुणी घ्यायला हात पुढे केला नाही. मग यजमानीणबाईंनी कुल्फीचं विचारलं आणि सगळ्यांनी हवी म्हणून सांगितलं.

परतताना गाडी शोभना चालवत होती. कॉर्निशवर खूप माणसं होती, मुलं सायकली फिरवत होती.

"चार लोकांत बोलायची गरज होती?" सदानंदनं विचारलं.

"होती."

"माझी काही इज्जत आहे इथे."

शोभनानं सिग्नलला गाडी थांबवली आणि त्याच्याकडे बघितलं. तिला राग आला नव्हता, बरंही वाटलं नव्हतं. उद्या सकाळी काय करायचं, ते फक्त तिच्या मनात पक्कं झालं होतं. नागेशला फोन करून महादूचा नंबर घ्यायचा आणि सासूबाईंच्या भाडेकरूंना विचारायचं, दिवाळीपर्यंत आपण एकटीच येऊन राहिलो तर मागची खोली मोकळी होईल का.

"नंबर देते उद्या," ती म्हणाली. "मराठीत बोल त्याच्याशी. ते तरी तुला येतं."

सिग्नल सुटला. सदानंदनं ब्लेझरच्या आत हात घालून चाचपलं, मग सीट बेल्ट सैल करून दुसरा खिसा चाचपला. पासपोर्ट यजमानांच्या टेबलावरच राहिला होता. शोभनाला ते निघतानाच दिसलं होतं. त्यानं काही विचारलं नाही, म्हणून तिनंही काही सांगितलं नाही, आणि गाडी घराकडे वळवली.